छपराखालची चार बोटं

मी फक्त सहा दिवस बहिणीकडे गेले होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, नाहीतर पाच कोंबड्या नवऱ्याच्या भरवशावर टाकून जायला मला काही वेड लागलं नव्हतं.

आमचे हे सुतार. तेही साधेसुधे नाहीत. त्यांनी बसवलेल्या खिडकीतून वारासुद्धा विचारून आत येतो, असं एका गिऱ्हाइकानं कधीतरी म्हटलं, ते हे अजून भेटेल त्याला ऐकवतात. आणि अशा माणसाच्या परसात माझं खुराडं! फळांच्या जुन्या खोक्यांचं, मी स्वतः ठोकलेलं, छपराखाली चारी बाजूंनी चार बोटांची फट सोडलेली. त्या फटीची त्यांना भारी लाज वाटायची. मी त्यांना एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई असते, ती थंडीपेक्षा कोंडलेल्या हवेनं आधी मरते. खाली वारा लागू नये, पण वर हवा खेळती हवी. निघतानाही चपला घालता घालता सांगितलं, "फटीला हात लावू नका, भुसा बदला आणि रोज सकाळी त्यांना बाहेर सोडा."

हे रंधा मारत होते. "हं," म्हणाले.

परत आले तर परसात एकही कोंबडी दिसेना. खुराडं मात्र नटूनथटून उभं. फटीवर गुळगुळीत पट्ट्या, सांध्यांत पुट्टी, वर पॉलिशचा हात.

"बघ, आता सुईसुद्धा जाणार नाही," हे म्हणाले. "गारठा पडला ना, म्हणून बाहेर सोडलंच नाही त्यांना. मस्त उबेत आहेत."

मी दार उघडलं आणि वासाचा असा भपकारा आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खाली सहा दिवसांचा चिकट, ओला भुसा. पांढरी कोपऱ्यात ताठ होऊन पडली होती. तिघी डोळे मिटून बसल्या होत्या. आणि मुकादम, पहाटेपासून सगळ्या गल्लीला कामाला लावणारी माझी तांबडी, चोच वासून श्वास ओढत होती. तिच्या घशातून नुसती घरघर येत होती.

माझं डोकं फिरलं. चौघींना उचलून परसात आणलं आणि यांचाच हातोडा घेऊन पहिली पट्टी उखडली.

"अगं, थांब! चांगलं लाकूड आहे ते. स्क्रू काढून देतो नीट."

"नीट? तुमच्या नीटपणानं एक जीव घेतला."

"मी त्यांच्या भल्यासाठीच केलं ना! काहीतरी रोग आला असेल."

मी दुसरी पट्टी उखडली. पांढरी माझ्या पायाशी येऊन बसायची. तिचं भलं करायला यांना कुणी सांगितलं होतं?

यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. मी मुकादमला मांडीवर घेऊन ऐकत होते. डॉक्टर म्हणाले, "घाणीतून वायू सुटतो, त्यानं छाती जळते. खुराड्याला वर फट हवी, हवा खेळती हवी. थंडीची एवढी काळजी नको, पिसं असतात त्यांना. आता मोकळ्यावर ठेवा, मी निघतोच."

"हो डॉक्टर. बरोबर आहे, डॉक्टर." यांनी कानावरची पेन्सिल काढून फळीवर लिहूनसुद्धा घेतलं. मग माझ्याकडे वळले. "ऐकलंस का? डॉक्टर म्हणतात, वर फट हवी."

हातोडा माझ्या हाताशीच होता. तो मी आधी लांब सरकवला, कारण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

"मी काय सांगत होते मग, इतके दिवस?"

"तू?" ते बघतच राहिले. "तू कधी सांगितलंस?"

ते खोटं बोलत नव्हते. बत्तीस वर्षांच्या संसारात मला ते चेहऱ्यावरून कळतं. ते खोटं बोलत असते तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि विसरले असते. पण माझं बोलणं त्यांच्या कानापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मी मुकादमला पदराखाली घेतलं आणि डॉक्टरांची वाट बघत यांच्याकडे पाठ करून बसले.