काखेतल्या गाठीतलं शून्य

आमची आत्या हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नाही. शिवणाचं दुकान एकटीने चालवते. एचआयव्हीच्या गोळ्या कितीतरी वर्षं घेतेय, आणि आता तिला त्यांचा वीट आला होता. "रक्तात विषाणू सापडत नाही म्हणतात ना? मग गोळ्या कशाला गिळू?"

मी म्हटलं, "अगं बाई, रक्तात नाही म्हणजे अंगात नाही असं नसतं! काखेत, मानेत सगळ्यांनाच असतात ना, त्या गाठींमध्ये, आतड्यांमध्ये तो दडी मारून बसतो. गोळी थांबली की बाहेर येतो."

मी प्रयोगशाळेत हेच मोजते. गाठींचे तुकडे बारीक करायचे आणि आत किती विषाणू लपलाय ते बघायचं. पण घरात माझं ऐकतंय कोण?

शेवटी पैज लागली. आमच्या अभ्यासासाठी तिने डॉक्टरांकडून काखेतली एक गाठ काढून दिली. गाठीतही सापडला नाही, तर गोळ्या बंद.

नमुन्यांवर नावं नसतात, पण त्या आठवड्यात काखेतली गाठ एकच आली होती. मशीनवर आलं शून्य. मी खुर्चीतून उडालेच! तिथूनच फोन लावला, "आत्या, शून्य!" आणि आनंदाने मी भोकाडच पसरलं.

फोन ठेवला आणि शेजारच्या नळीचा आकडा दिसला. त्या नळीत आम्ही मुद्दाम विषाणूचा अंश घालतो, चाचणी चालतेय का ते कळावं म्हणून. आधी ती नळी बघायची, मग नमुना, हे मी नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवते. तिथेही शून्यच होतं. चाचणीच फसली होती, आणि मी शहाणी नाचत बसले होते! पुन्हा लावली. या वेळी नळी बरोबर आली, आणि गाठीत विषाणू होता.

हे फोनवर सांगायची हिंमत होईना. संध्याकाळी तडक दुकान गाठलं. आत्या एका पँटची शिलाई उसवत होती. गोळ्यांची डबी कचऱ्याच्या बादलीत, चिंध्यांवर पडलेली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी काही खैर नाही.

तिने उसवलेला दोरा ओढून काढला. मग म्हणाली, "म्हणजे दुपारभर मी बरी होते."

"आत्या, चुकलं गं माझं."

"गप बस. मी वाट बघत होते, आता काहीतरी वेगळं वाटेल म्हणून. कसलं काय! तीच कंबर दुखतेय, तीच गिऱ्हाइकं डोकं खातायत. बरं होणं म्हणजे एवढंच असेल, तर ते मी गोळ्या घेऊनही जगतेच आहे की."

तिने वाकून डबी उचलली, चिकटलेले दोरे झटकले, गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यासाठी माझ्यापुढे हात केला.