दुखायलंय म्हणणारा माणूस

माझ्या बापाला दुखत नाही, असा आख्ख्या मुदखेडात बोलबाला. बाबा रेल्वेत गँगमन होते. पायावर रूळ घसरून अंगठ्याचं नख निघालं, तरी ड्युटी संपवूनच घरी आले. आई पाव्हण्यारावळ्यांना कौतुकानं सांगायची, "ह्यांच्या तोंडून 'आई गं' कधी ऐकलं न्हाई."

मला त्या कौतुकाचा संताप यायचा. कारण त्याच गप्प बसण्यात बाबांचा डावा डोळा गेला होता. गिट्टीची कपची उडून आत शिरली आणि हा माणूस डोळा चोळत कामावर जात राहिला. दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरच्या हातात काही उरलं नव्हतं.

आता उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. हा गेला की अंधार. मी लातूरला नोकरीला, म्हणून ऑपरेशन तिथंच केलं. डॉक्टर रुद्राणी मॅडमनी बाबांना समोर बसवून सांगितलं, "काका, डोळ्यात गॅस भरलाय. तो वर चढतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो. म्हणून तोंड कायम जमिनीकडं. जेवायला, मोरीला उठा, बाकी पालथं. वाळू गेल्यासारखं टोचेल, मान धरेल, त्याला गोळी आहे, वेळेवर घ्या. पण डोळा-डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तर गोळी खाऊन पडून राहू नका. तडक या. आत प्रेशर चढलं की नस मरते."

"हाव," बाबा म्हणाले. ऐकलं एकही नाही.

माझे घरमालक संगमेश्वर आप्पा, आडतीचे व्यापारी, खालीच राहतात. खोली देताना त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग पगार. माणूस वाईट नाही, सवय वाईट. ते रोज संध्याकाळी भेटायला वर यायचे. जिन्यात पाऊल वाजलं की बाबा उठून ताठ बसायचे. आप्पा खुर्चीत बसून तासभर सोयाबीनचा भाव सांगायचे आणि बाबा मान वर करून ऐकायचे.

"बाबा, पालथं व्हा की!"

"त्यो गेल्यावर."

"तोवर पडदा सुटला म्हणजे?"

"माया, कंधारला माझा बाप सावकाराच्या ओट्याखाली मान घालून उभा ऱ्हायचा. मी बाबासाहेबाचा माणूस हाय. मी ह्याच्यापुढं पालथा पडू?"

मी रात्रीची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. राग होता, तो गिळला.

एका सकाळी चादर बदलताना गादीखाली गोळ्या सापडल्या. दुखण्याच्या सगळ्याच्या सगळ्या. मागं वळले तर बाबा मोरीत ओकत होते. कपाळाची शीर तटतटलेली, दात आवळलेले.

"दुखतंय का?"

"न्हाई."

तिथं माझा बांध फुटला. "बाबा, आजोबांना सावकाराचा माणूस मारायचा तेव्हा ते का ओरडत नव्हते?"

"ओरडलं की आणखी दोन बसायच्या."

"मग? गप्प बसणं ही आपली शान कधी झाली? तो त्यांचा हुकूम होता! सावकार मेला, त्याचा ओटा पडला, अन् तुम्ही अजून हुकूम पाळायलाव! एक डोळा दिलात त्यापायी. दुसरा पण देता?"

बाप भिंतीला धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तो शब्द तोंडात जुळवताना पाहिलं.

"दुखायलंय," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "लई दुखायलंय, माया. कवटी आतून फुटायलीय."

रिक्षात मी त्यांचं डोकं मांडीवर पालथं धरलं. दवाखान्यात काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "ऑपरेशननंतर दुखतंच. बसा, नंबर येईल."

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. सगळा हॉल वळून बघायला लागला.

"ताई, टोचतंय ते मी सोसीन. हे ते न्हाई. डोकं ठणकायलंय, उलटी झालीय, अन् मला हा एकच डोळा हाय. मॅडमनं तडक या म्हणलंय. नंबरबिंबर नंतर. आत्ता सांगा त्यांना!"

ती बाई उठली. धावतच गेली.

प्रेशर चढलेलंच होतं. थेंब, गोळ्या, शिरेतून औषध. दुपारपर्यंत उतरलं. मॅडम म्हणाल्या, "असं काही जणांना होतं काका. पण उद्यावर ढकललं असतं तर नस गेली असती. बोललात म्हणून डोळा वाचला."

बाबा पालथ्यापालथ्याच म्हणाले, "आता बोलतच ऱ्हातो. मान बी दुखायलीय. गोळी द्या."

संध्याकाळी आम्ही घरी परतल्यावर आप्पा वर आले. मी दारात उभी. बाबा हलले नाहीत. छातीखाली उशी, तोंड पलंगाच्या कडेबाहेर, नजर फरशीवर.

"काय व्यंकटराव, झोपलाव का?"

"न्हाई आप्पा, जागाच हाय. डोळ्यासाठी असंच पडावं लागतंय. लई दुखायलं होतं सकाळी, आता कमी हाय. वर बघून बोलायला जमणार न्हाई. बोलायचं असंल तर खाली बसा."

आप्पा खुर्चीकडं बघत राहिले. मग धोतर सावरून, भिंतीचा आधार घेत, फरशीवर बसले आणि बाबांचं तोंड दिसावं म्हणून वाकले.

"गुडघे दुखतेत का?" बाबांनी विचारलं.

"व्हय की हो."

"मग म्हणा तसं. लाजायचं काय त्यात?"

आप्पा कण्हले. मी दोघांना चहा ठेवायला आत गेले, आणि बापाच्या अभिमानानं माझा ऊर असा भरून आला, की साखर किती टाकली ते कळलंच नाही.