टपालाच्या विमानाची टाकी

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर पुस्तकांशेजारी एक लाकडी मासा मांडतात. हातभर लांब, पोट फुगीर, शेपटीला चार पंख. माझे पणजोबा रामदास, त्यांच्या मुलांचे भाऊ, यांनी तो १९३६ साली जर्मनीहून आणला. तिथल्या एका प्रयोगशाळेत भल्यामोठ्या पंख्याच्या वाऱ्यात विमानांचे नमुने टांगून तपासायचे. पणजोबा तिथे मदतनीस होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांना लढाऊ विमानांची बंदी होती, त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे टपालाच्या विमानांबद्दल फार कळकळीने बोलायचे. मासा म्हणजे अशाच विमानाची पेट्रोलची टाकी, असं पणजोबांनी घरी सांगितलं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा अप्पा, गेली ऐंशी वर्षं त्या टाकीला हळदकुंकू वाहतायत.

सोबत पणजोबांची वहीही असते. पूजेला मांडलेली वही त्या दिवशी वाचायची नाही, आणि उरलेलं वर्ष ती लाल फडक्यात. त्यामुळे ती कोणी कधी वाचलेलीच नव्हती.

यंदा एका इंजिनिअरिंग कॉलेजने मासा प्रदर्शनासाठी मागितला. शेजारी ठेवायला माहितीचं कार्ड हवं होतं. जर्मनच्या क्लासात मी पाव मागण्यापर्यंत पोचलोय, म्हणून वही माझ्याकडे आली.

सोमवारी चारला कॉलेजची गाडी येणार होती. तीनला मला माशाचं चित्र सापडलं. खाली जर्मनमध्ये: बॉम्ब, अडीचशे किलो, नमुना. जर्मनमध्येही बॉम्बला जवळपास बॉम्बच म्हणतात. तरी मी डिक्शनरी दोनदा पाहिली.

"काय रे, गप्प का?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, ती टाकी नाहीये." मग काय आहे तेही सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण नलूआजी गंभीरपणे म्हणाली, "दसऱ्याला शस्त्रपूजा असतेच की. म्हणजे आपलं काही चुकलं नाही."

"भाऊंना कुणी सांगितलं नसेल," अप्पा म्हणाले. "मदतनीसाला कोण सांगतंय? तार बांध म्हटलं, बांधली. असंच असणार ना रे?"

मी पान उलटलं. पुढची ओळ मराठीत होती, तिला माझी गरज नव्हती. अप्पांनी ती शाळेत धडा वाचतात तशी मोठ्याने वाचली.

"आज शेपूट बदलली. बॉम्ब डगमगला नाही, सरळ पडेल. साहेब खूष. मलाही फार बरे वाटले."

ओळीवरून बोट फिरवत त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली. खाली शिवाजी पार्कात कुणीतरी आउट झालं, पोरं ओरडली.

"फोन करून सांगू का, तब्येत बरी नाही म्हणून?" मी विचारलं.

"कोणाची?"

"माशाची."

अप्पा हसले नाहीत. मीही हसवायला म्हणालो नव्हतो.

"अवधूत, कार्ड घे. लिही, बॉम्बचा नमुना."

"अरे अप्पा, भाऊंचं नाव तरी घालू नकोस," नलूआजी म्हणाली.

"नाव आधी लिही," अप्पा मला म्हणाले. "मग ती ओळ. पूर्ण. बरे वाटले, तेसुद्धा."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. अप्पांनी दुसरं कार्ड दिलं.