पाटावरची नेलगन

खिळ्याचं डोकं अंगठ्याला लागलं. डोळ्यांना ते कळलं नसतं – प्लायवूडच्या पट्टीवर नुसता एक करडा ठिपका – पण लाकूड कुठे संपतं आणि लोखंड कुठे सुरू होतं हे अंगठ्याच्या पेराला बरोबर समजतं. श्रेयाने तो पुन्हा एकदा हलकेच, उलट्या दिशेने फिरवला, कॉलेजात एखादं निरीक्षण पटलं नाही की दुसऱ्यांदा घ्यायची तसा, आणि दुसऱ्यांदाही तेच निघालं. खिळा पूर्ण बसला नव्हता. शेजारचाही नाही. त्याच्या पलीकडचा मात्र बसला होता, आणि तोच तिला जास्त छळत होता. सगळेच वर राहिले असते तर कारण एकच असतं...

बॅटरी नव्हे. बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती, दिवा हिरवा होता. मग उरली दोनच कारणं: नेलगनच्या आतलं, खिळ्यावर आदळणारं पातं, नाहीतर ती धरणारा हात. गन झाडली की ती मागे उसळते. तिला पुरेसं दाबून धरलं नाही तर खिळ्यात जायचा जोर गन उचलण्यात जातो आणि खिळा वर राहतो. हे बी.एस्सी. फिजिक्स झालेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तरी दादाने सांगितलं होतं, आषाढात, मखरांच्या चौकटी चालू असताना, चहाचा ग्लास ओठाला लावता लावता – "गन ठीक आहे गं. हात कमी पडतोय."

हात कमी पडतोय. तेव्हापासून ती प्रत्येक खिळ्यावरून अंगठा फिरवत होती.

घोडपदेवच्या या गाळ्यात प्रदर्शनांचे स्टॉल आणि मंडपांच्या मागच्या चौकटी बनतात. बाबांनी, गुणाजींनी, तो मिल बंद पडल्यावर घेतला. साचेखात्यात, कापड विणणाऱ्या साच्यांवर, सूत धरणाऱ्या बोटांनी पस्तिशीनंतर रंधा धरला. आता गुडघे गेले म्हणून ते दारातल्या खुर्चीत बसून असतात आणि गौतमदादा सगळं बघतो. आणि श्रेया... श्रेया परळच्या एका रंगाच्या कंपनीतली, पांढऱ्या कोटातली, दुसऱ्यांच्या रंगांची चिकटाई मोजायची नोकरी सोडून इथे आली. येताना ही गन घेऊन आली. लहान, एका हातात मावणारी. शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर चौकट जोडायची तर याच गनने मला जमतं, हे मी दुकानात उभी राहून दहा वेगवेगळ्या गन वर धरून तपासलं होतं. दुकानदाराला वाटलं होतं मी कुणासाठी तरी भेट घेतेय.

आज खंडेनवमी. संध्याकाळी हत्यारं पुसून पाटावर मांडायची, उद्या सकाळी पूजा. आणि बाबांचा मिलीतून आणलेला नेम – साच्यांना दसऱ्याला हार घातला की पुढल्या दसऱ्यापर्यंत साचा हलवायचा नाही. तसं पाटावर बसलेलं हत्यार वर्षभर गाळ्यातून काढून टाकायचं नाही. म्हणूनच दादाने नवी गन आजच मागवली होती. मोठी, वजनदार. "तुला उचलायची गरजच नाही," तो काल म्हणाला होता, अगदी प्रेमाने. "तू ड्रॉइंगं बघ, पार्टीशी बोल. तुझं इंग्लिश चांगलं आहे. ही जुनी देऊन टाकू."

जुनी गेली की माझा हात गाळ्यातून जाणार, टेबलावर, कागदावर, फोनवर. हे दादाच्या लक्षातही आलं नसेल... की आलं असेल?

तिने गन पिशवीत घातली आणि चालत रे रोडला गेली. लाकडाच्या वखारींच्या ओळीत जगदीशचं दुरुस्तीचं दुकान, आत उभं राहायला जेमतेम जागा. त्याने चार स्क्रू काढले, बोटाने काहीतरी चाचपलं आणि पातं उजेडात धरलं. पुढची कड गोल झाली होती.

"हे बघा. जीभ झिजलीय. कंपनीने मॉडेल बंद केलं, नवीन पातं नाही मिळणार. घासून सरळ करून देतो, चालेल."

"किती दिवस चालेल?"

"दिवाळीपर्यंत. नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत. मी काय पोपटवाला आहे काय, ताई?" मग स्क्रू परत लावता लावता, "भावाला पाठवा ना, त्यांना नीट समजावतो."

"मला समजावा."

"तुम्हाला तर समजलं."

"मग भाऊ कशाला?"

जगदीश हसला, ओशाळून नव्हे, मजा वाटून. "बरं. नका पाठवू."

घासायला तिने दिली नाही. परत येताना ओल्या सागाच्या वासातून चालताना तिला स्वतःचंच नवल वाटलं – कारण हातात सापडलं होतं, गोल झालेली कड डोळ्यांनी पाहिली होती, तरी सुटल्यासारखं वाटेना. एक कारण सापडलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. पातं झिजलेलं असेल आणि हातही कमी पडत असेल. आणि नीट पाहिलं तर दोन्हीकडून हरायचंच होतं: दोष हाताचा निघाला तर श्रेयाने बाजूला व्हायचं, दोष गनचा निघाला तर गन बदलायची, आणि बदलून येणार ती मोठी, म्हणजे पुन्हा श्रेयाने बाजूला व्हायचं. असला प्रयोग कोण मांडतं, ज्यात उत्तर आधीच लिहिलेलं असतं? आणि तरी मला तो करून बघायचाच होता. खोटं बोलून गन वाचवायची नव्हती. खरं काय ते आधी मला कळू दे, मग मी त्याच्याशी भांडेन.

गाळ्यात नव्या गनचं खोकं येऊन पडलं होतं. दादा फोनवर, दादरच्या दिवाळी प्रदर्शनाच्या माणसाशी बोलत होता. तिने जुनी गन त्याच्या मोकळ्या हातात दिली आणि पट्टी पुढे सरकवली.

"दादा, चार खिळे मार जरा."

त्याने खांद्याचं सगळं वजन टाकून मारले. खट्, खट्, खट्, खट्. तिचा अंगठा पट्टीवर पोचला – पहिला बसलेला, दुसरा वर, तिसरा... आणि तिसऱ्याला हात लागायच्या आत दादाने गन ठेवून हातोडी उचलली, फोनवरचं वाक्य न तोडता दोन टोले घातले, आणि पट्टी गुळगुळीत झाली. प्रयोग पुसला गेला. त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं.

फोन संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

"हातोडी का मारलीस?"

"मग काय करू? वर राहिले होते."

"नेहमी मारतोस?"

"सगळेच मारतात. तू काय करतेस?"

ती काय करत होती? ती वर राहिलेला प्रत्येक खिळा पकडीने उपटत होती, भोकात लांबीचा लगदा भरत होती, शेजारी नवा मारत होती आणि पुन्हा अंगठा फिरवत होती. हातोडी तिच्या पायाशीच असायची. पण हातोडी मारणं म्हणजे कबुली देणं...

"उपटते," ती म्हणाली.

"म्हणून तुला वेळ लागतो होय!" दादा हसत सुटला. "आणि मी पार्टीला सांगत असतो, बहीण फार बारकाईने काम करते."

"आषाढात तू म्हणालास, माझा हात कमी पडतो."

"मी?" तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. "असंच बोललो असेन गं. तू ते धरून बसलीस?"

असंच. भाऊ असंच बोलला आणि त्या एका वाक्याभोवती मी इतके दिवस प्रयोगशाळा थाटली. माझे खिळे तपासले, माझं मनगट, माझं उभं राहणं, शिडीवरचा कोन – आणि त्याचे खिळे एकदाही कुणी तपासले नाहीत, मीसुद्धा नाही. तुलनेला काहीतरी ठेवायचं असतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी ठेवलंच नव्हतं. त्याचा हात पुरेसा असतो, हे गृहीत; माझा पुरेसा आहे, हे सिद्ध करायचं. राग आला, पण तो दादावर नीट बसेना. तो कुठल्या तरी फार जुन्या, न विचारता मान्य केलेल्या गोष्टीवर जाऊन आदळत होता.

तिने खोकं उघडून नवी गन उचलली, डोक्याच्या वर धरली. खांदा थोड्या वेळातच थरथरू लागला. दादा बघत होता.

"तेच सांगतोय ना मी. ही तुझ्यासाठी नाहीच."

"मग ही मला न विचारता का आणलीस?"

"ऑफर होती," तो म्हणाला, आणि मग, जरा हळू, "विचारायला हवं होतं काय?"

श्रेया खाली बसली. नवी खोक्यात ठेवली, जुनी मांडीवर घेतली आणि स्क्रू काढायला लागली. पातं निघालं, मागचं रबर निघालं, एक स्प्रिंग उडून बाबांच्या खुर्चीखाली गेली. बाबांनी वाकून, कण्हत, ती काढून दिली. संध्याकाळ होत आली होती. पाटावर करवत, रंधे, पटाशा, फुटरूळ आधीच पुसून मांडलेले होते. श्रेयाने त्यांच्या शेजारी एकेक भाग ठेवला – पातं गोल झालेल्या कडेसह, तसंच, न घासता.

"गे चेडवा," बाबा म्हणाले, "मोडकां पुजतंस?"

"पाटावर बसलं की वर्षभर काढायचं नाही. तुमचाच नेम."

"तो नेम चालत्या साच्याचो. बंद साचे मालकान भंगारात घातल्यान, तेव्हा खंय होतो नेम?"

"इथे मालक कोण आहे, बाबा?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादाने फोनकडे. त्या लहानशा जागेत प्रश्न कुणीच उचलला नाही, आणि श्रेयालाही तो घाईने उचलावासा वाटला नाही. एरवी गप्प झालेल्या माणसांच्या मधली जागा तिने लगेच स्पष्टीकरणांनी भरली असती – पातं घासलं तर चालेल, जगदीश म्हणाला, हात माझा ठीक आहे, बघा ना... आज काही भरायचं नव्हतं.

"मोठी कुठे ठेवू मग?" दादाने शेवटी विचारलं. "पाट भरला."

"खोक्यातच राहू दे. सण झाला की मी दुकानात जाऊन बघेन. बदलायची तर मी बदलेन, माझ्या हाताने धरून. नाही तर हीच घासून घेईन."

"आणि ती नाही चालली तर?"

"तर नाही चालली."

हे इतकं सरळ तोंडातून बाहेर पडलं की तिने मनातल्या मनात ते पुन्हा म्हणून पाहिलं. नाही चालली तर नाही चालली. गन चालेल की नाही, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. पातं घासल्यावर आखूड होईल, आखूड झाल्यावर जोर कमी पडेल किंवा पडणारही नाही, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ते आता गनबद्दलचं न कळणं होतं, फक्त गनबद्दलचं. तिच्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. दादा अजून उभा होता, ती आणखी काही सांगेल म्हणून वाट बघत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाट बघायला लावताना तिला अपराधी वाटत नव्हतं... थोडी भीती होती, जिना चढताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय हवेत पडतो तशी, आणि त्या भीतीखाली काहीतरी टणक, थंड, जे ती आजवर हट्ट समजून लपवत आली होती.