लंगडीवाल्याच्या पायाखाली

मी एक जुना चिकट गोळा आहे. मित्रांनो, एवढ्यावरच नाक मुरडू नका. भिंतीवर कागद लावायला किंवा शोभेच्या वस्तू जागेवर धरून ठेवायला रबरासारखा मऊ लगदा मिळतो ना, त्यातलाच मी. हरभऱ्याएवढा, करड्या रंगाचा. माझ्याकडे आजवर कुणी मुद्दाम पाहिलेले नाही. पाहू नये म्हणूनच तर मला असा बनवला होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आम्हाला तिंबले, लाटले, पट्ट्या कापल्या आणि मेणकागदात गुंडाळले. आम्ही सगळे भाऊ तेव्हा एकमेकांना घट्ट धरून होतो. एकटेपणा कशाशी खातात हेही ठाऊक नव्हते. पुढे एका बाईंनी आमचे पाकीट विकत घेतले, घरी नेऊन एका काचेच्या कपाटाच्या खणात टाकले आणि त्या आम्हाला विसरून गेल्या.

ते कपाट त्यांच्या सासऱ्यांचे. आजोबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि हौसेने खेळणी जमवली. पत्र्याची मोटार, चावीचा हत्ती, उंच टोप्यांचे शिपाई, सगळे फळ्यांवर दाटीवाटीने उभे होते. सर्वांत वरच्या फळीचा मान सर्कशीतल्या विदूषकाचा. डोके मोठे, अंग काडीसारखे आणि स्वारी उभी एका पायावर! आजोबा त्याला लंगडीवाला म्हणत. रस्त्यावरून बस गेली की काचा थरथरत आणि हा पठ्ठ्या हमखास तोंडावर आपटे.

आजोबा खालच्या खोलीत एकटे असत. मुलगा नोकरीसाठी दूरगावी होता आणि सूनबाई वरच्या मजल्यावर लोकांचे कपडे शिवत. खणातल्या अंधारात मला काही दिसत नसे, पण ऐकू सगळे येई. धप्प आवाज झाला की वरचे शिवणयंत्र थांबे. मग जिन्यावर चपला वाजत.

"बाबा! पडलात का?"

"मी नाही गं. तो लंगडीवाला पडला."

"एक दिवस जीव घेणार आहे हा माझा!"

असे म्हणत सूनबाई त्याला उचलून उभा करत. आलेच आहे तर पाणी देते, म्हणत. मग पेला हातात धरून आजोबांची गोष्ट सुरू होई. एकदा ते सर्कशीची पाटी रंगवत होते. खरा विदूषक शिडीखाली उभा राहून त्यांच्या चुका काढत होता. 'माझं नाक एवढंच?' असे म्हणून त्याने ते तीनदा पुसायला लावले आणि जाताना हे खेळणे हातावर ठेवले. सूनबाईंना ही गोष्ट तोंडपाठ होती. तरी त्या "हो का?" म्हणत.

एकदा मात्र आवाजाने दचकून उठताना त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही भलतीच कापली गेली. त्या खाली आल्या त्या तणतणतच. "आता बास झालं," म्हणाल्या आणि त्यांनी आमचा खण उघडला.

त्यांनी मला बोटांत घेऊन मळले. बोटांना कापडावर खुणा करायच्या खडूचा वास येत होता. ती ऊब मी अजून विसरलेलो नाही. मग त्यांनी मला लंगडीवाल्याच्या पायाखाली लावून दाबले. माझे भाऊ इतर खेळण्यांच्या पायांखाली गेले आणि आमची ताटातूट झाली.

"आता भूकंप आला तरी हा हलायचा नाही," सूनबाई म्हणाल्या.

"वा, छान केलंस," आजोबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मला मात्र अभिमानाने फुगून जावेसे वाटले. बस गेली. काचा थरथरल्या. लंगडीवाला डुलला, पण मी त्याला सोडले नाही. त्या दिवसानंतर त्या कपाटात काहीच पडले नाही आणि धावत खाली कुणी आले नाही.

सूनबाईंचे चुकले असे मी म्हणणार नाही. पोटासाठी यंत्र फिरवावेच लागते. ताट त्या वेळेवर आणून ठेवत, "गरम आहे तोवर जेवा," म्हणत आणि लगेच वळत. बस गेली की आजोबा आधी लंगडीवाल्याकडे पाहत, मग जिन्याकडे, आणि पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. काचेवर धूळ बसली. माझी कड वाळून टणक झाली. विदूषकाची गोष्ट ऐकून तर किती दिवस झाले होते कोण जाणे. आपण नुसते खेळणेच धरून ठेवलेले नाही, असे मला वाटू लागले आणि फार वाईट वाटले.

एका दुपारी आजोबांनी कपाट उघडले. लंगडीवाल्याला धरून ते त्याला पिळू लागले. मी सवयीने घट्ट धरून बसलो. मग त्यांचा चेहरा अगदी जवळ आला, आणि तो पाहून मी आयुष्यात पहिल्यांदा हात सोडला. त्यांनी मला नखाने खरवडून काढले. मी त्यांच्या अंगठ्यालाच चिकटून राहिलो.

लंगडीवाल्याला फळीवर मोकळा ठेवून ते खुर्चीत बसले. बस आली, गेली. नेमका त्या दिवशी तो शहाण्यासारखा उभा! दुसरी बस गेली, तरी ढिम्म. शेवटी आजोबा उठले आणि त्यांनी करंगळीने त्याला हळूच ढकलले.

धप्प!

वरचे यंत्र चालूच राहिले. आजोबांचा चेहरा उतरला.

मग यंत्र थांबले. जिन्यावर चपला वाजल्या. गळ्यात टेप तशीच लटकत असलेल्या सूनबाई दारात आल्या.

"बाबा! पडलात का?"

"मी नाही गं..." आजोबांनी लंगडीवाल्याकडे बोट दाखवले.

सूनबाईंनी लंगडीवाल्याला उचलले, पाय उलटा करून पाहिला. मग त्यांची नजर आजोबांच्या अंगठ्यावर गेली. आजोबांनी मूठ मिटली, पण उशीर झाला होता.

"हा गोळा अगदीच टाकाऊ निघाला हो बाबा," त्या म्हणाल्या. "धरतच नाही मेला."

मित्रांनो, ज्याने त्या दुपारपर्यंत एकदाही पकड ढिली केली नव्हती, त्याची ही अशी धडधडीत बदनामी! पण खरे सांगतो, कौतुकानेही मला कधी एवढे बरे वाटले नव्हते. सूनबाईंनी स्टूल ओढले, त्या बसल्या आणि म्हणाल्या, "कुठं मिळाला होता हा तुम्हाला?"

आजोबांनी मला कधीतरी खुर्चीच्या हाताखाली पुसून टाकले. तिथेच मी आहे, धुळीने माखलेला, कुणाच्या ध्यानीमनी नसलेला. माझे भाऊ अजून हत्तीचे आणि शिपायांचे पाय धरून आहेत. माझ्यावर मात्र आता कुणाचा पाय नाही.

मित्रांनो, तुमची खेळणी पडून फुटू नयेत म्हणून आम्हाला जरूर लावा. आम्ही इमानाने धरून ठेवू. पण अधूनमधून खोलीचे दार उघडून कुणी पडले आहे का, हे तुम्हीच विचारा. ते आम्हाला येत नाही.