शिओमीची शीळ

"अजून एकदा पडा, मिझोबेसान. या वेळी जरा सावकाश."

काचेपलीकडून दिग्दर्शक निवाचा आवाज आला आणि किनुए मिझोबे पुन्हा पडली. पडली म्हणजे उभी होती तिथेच, माइकसमोर, गुडघे घट्ट धरून. पडला तो फक्त तिचा आवाज. आधी दचकलेला, मग जड, मग वाळूवर टेकलेला. ओसाकातल्या या तळघरात ती आयुष्यभर अशीच पडत, जळत, आपटत आणि पुन्हा उठत आली होती. पोट गुरगुरलं तर माइक तेही पकडतो, म्हणून सकाळी भाताचा गोळा खाऊन यायचं. सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. आणि पायांत कापडी सपाता, ज्या स्टुडिओच्या खणात कायमच्याच ठेवलेल्या. बाकी भांडवल म्हणजे घसा. तो आता जुन्या चपलेसारखा झिजला होता.

किनुए शिओमीचा आवाज होती. मारामारीच्या एका व्हिडिओ गेमचा पहिला भाग आला तेव्हा शिओमी ही समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी बाई होती. उन्हानं रापलेली, रुंद खांद्यांची, डोक्याला पांढरा फडका गुंडाळलेली. दुसऱ्या भागात तिचे गुडघे उघडे पडले. तिसऱ्यात बाह्या गेल्या. चौथ्यात केस गवताच्या रंगाचे झाले आणि वय एकदम उतरलं. कसं उतरलं ते विचारायचं नाही, या खेळांत काळाला काही धरबंध नसतो. पाचव्यात ती दुधासारखी गोरी झाली, सहाव्यात तर मार खाऊनही हसायला लागली. दर भागाला निवाच्या आधीचे साहेब आणि मग निवा काचेपलीकडून सांगत, "आवाज जरा वर." वर करता करता किनुए नाकातून बोलायला लागली होती. शिओमीचं काहीच पहिलं राहिलं नव्हतं. राहिली होती फक्त शीळ.

ती शीळ कुणी लिहिलेली नव्हती. पहिल्या भागाच्या वेळी सगळ्या आरोळ्या संपल्यावर किनुए इतकी थकली, की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकली आणि तिच्या ओठांतून आपोआप तिच्या आईचा श्वास निघाला. आई शिमाच्या किनाऱ्यावर बुड्या मारायची. कोंडलेला श्वास वर आल्यावर एकदम सोडायचा नसतो; ओठ गोल करून, बारीक शिळेसारखा सोडायचा. लहानपणी किनुए खडकावर बसून ती ऐकायची. माइक चालू राहिला होता. ध्वनियंत्रावर बसलेल्या ओगातानं ते पुसलं नाही, आणि तेव्हापासून शिओमी जिंकली की शीळ घालते.

आता सातवा भाग. यात दोन शिओमी होत्या. एक सतरा वर्षांची. तिला आवाज देणारी मुलगी नवीन, चिहारु आमानो. दुसरी पिकल्या केसांची, शेवटी जिच्याशी लढायचं ती. पडद्यावर तिचं चित्र पाहून किनुएला बरं वाटलं होतं. तेच रुंद खांदे, तोच फडका. इतक्या वर्षांनी कुठे ती पुन्हा गावची दिसायला लागली, तर मेली. चिहारुच्या शिओमीच्या हातून मरायची, आणि मरता मरता शीळ घालायची, असं संहितेच्या पानावर लिहिलं होतं.

आणि शीळ येत नव्हती. वसंतात पुढचे दात काढून नवे बसवले, तेव्हापासून घरी मोरीत उभं राहून किती प्रयत्न केला. नुसती हवा यायची. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आजचं कामही जाईल, आणि इतक्या वर्षांचा शेवट 'तिला जमेना' असा होईल, याची तिला मरणाची भीती वाटत होती.

"पडणं उत्तम झालं," निवा म्हणाला. "आता शीळ. खरं सांगू, शाळेत असताना मी ही शीळ ऐकायला खेळायचो. तिच्याच शिळेनं तिचा शेवट. लोक रडतील बघा."

किनुएनं पान खाली ठेवलं.

"मेलेली बाई शीळ घालत नाही, निवासान."

"अं?"

"जी वर येते ती घालते. आमच्याकडे बायका पाण्यात असल्या की काठावरची माणसं कान देऊन असायची. शीळ आली, म्हणजे आली बाई वर. जिची आली नाही तिच्यासाठी होडी सोडायचे. ही तर बुडाली. हिची कसली शीळ?"

निवानं डोकं खाजवलं. "पण चित्रात ओठ गोल करून झालेत हो. चित्रवाले मला जिवंत सोडतील का?"

"मग पोरीचे करा. जिंकली ती. वर आली ती."

निवा बराच वेळ पेनानं कागदावर टकटक करत राहिला. मग म्हणाला, "बरं. खातो शिव्या. तशाही रोजच खातो."

ओगाता चष्म्यावरून किनुएकडे बघत राहिला. किनुएनं नजर चुकवली. ती बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त ते आजच तोंडावर का आलं, हे तिचं तिला ठाऊक होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

चिहारुला आत बोलावलं. पोरगी गुणी, कमरेत वाकून नमस्कार करणारी. तिनं ओठ गोल केले आणि गोड, गोल, बासरीसारखी शीळ घातली.

"झकास," ओगाता म्हणाला. "चहाची किटली उकळली. उतरवा कुणीतरी."

चिहारु कानापर्यंत लाल झाली आणि गुरूकडे वळावं तशी किनुएकडे वळली. "सेन्सेई, एकदा करून दाखवता का? एकदाच."

काचेच्या दोन्ही बाजूंना सगळे थांबले. निवाचा चेहरा तर शाळकरी पोरासारखा खुलला होता. खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि किनुएकडे ती उरली नव्हती.

"मला येत नाही आता," ती म्हणाली. "दात नवे बसवले, शीळ गेली. नुसती हवा येते."

"म्हणजे मघाशी तुम्ही..." निवा म्हणाला.

"मघाशी बोलले ते खरंच आहे. पण येत असती तर मुकाट्यानं घातली असती, हेही खरं."

किनुए चिहारुकडे वळली. तिनं विचारलं, "तुझ्या आरोळ्या झाल्या?"

"नाही. त्या सगळ्यात शेवटी घेतात ना. घसा जातो म्हणून."

"आधी त्या उरक. सगळ्या. शीळ त्यानंतर. आणि घालायची म्हणून घालू नकोस. श्वास कोंडून धर, आणि बाहेर पडायला लागला की ओठांनी अडव. बस."

"आवाज फाटेल तिचा," निवा पुटपुटला.

"फाटू दे."

किनुए ओगाताच्या शेजारी जाऊन बसली. आत चिहारु हलका मार खात होती, मग मधला, मग भारी. मग आगीत जळाली, मग कड्यावरून खाली गेली. गोड आवाजाची सालं एकेक करून निघत गेली. शेवटची आरोळी संपली आणि पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. ओगाताचा हात बटणाकडे गेला. किनुएनं त्याचं मनगट धरलं.

तेव्हा ती आली. बारीक, चिरकी, मध्येच तुटलेली.

किनुएनं ओगाताचं मनगट सोडलं. ही शीळ इतकी वर्षं तिच्याच तोंडून निघाली होती, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्या कानांवर पडली नव्हती, आई गेल्यापासून कधीच नाही. खडकावर बसल्यासारखी ती त्या मोडक्या खुर्चीत बसून राहिली. डोळे पुसायचेही तिनं कष्ट घेतले नाहीत.

"आलं का, सेन्सेई?" चिहारुनं बसलेल्या घशानं विचारलं.

"आलं. आता दोन दिवस तोंड उघडू नकोस."

मग रिवाज झाला. ज्याचं काम कायमचं संपतं त्याला फुलं द्यायची. निवानं पुष्पगुच्छ दिला, सगळे ओळीनं वाकले आणि 'खूप दमलात' म्हणाले. हे इथे रोजच म्हणतात, कुणीही कुणालाही. आज किनुएला ते शब्दशः पटलं. तिनं खणातून सपाता काढल्या, पिशवीत घातल्या आणि जिना चढायला लागली.

तळघराचा जिना उभा. मधल्या वळणावर ती थांबली, पुन्हा चढली, दार ढकलून फुटपाथवर आली. उजेडानं डोळे दिपले. सायकली घंटा वाजवत जात होत्या. तिला धाप लागली होती.

"किनुए!" खालून ओगाता ओरडला. "पोचलीस का वर?"

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, पण शब्दाला श्वास पुरेना. ओठ आपोआप गोल झाले. नुसती हवा आली.

खाली ओगातानं थोडा वेळ वाट पाहिली. मग पायऱ्यांवर त्याची पावलं वाजायला लागली. कठड्याला धरून, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत, तो तिला बघायला वर येत होता.