तानिगावाच्या व्हिडिओखालचा दिगंबर

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी गेले तीन महिने मी रोज सकाळी कोजी तानिगावाचा व्हिडिओ बघतोय. हा जपानी गडी खेळातून कधीच रिटायर झालाय, केस पांढरे झालेत. अंगण झाडतो, वीस पावलांवरून चेंडू बादलीत मारतो, आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. त्याला चाळीस लाख फॉलोअर! रिटायर्ड मीही आहे. हिवाळाभर ड्राइव्हवेतला बर्फ मीही काढला. मला कोण विचारतंय?

खरं कारण सिद्धेश, माझा मुलगा. एडिसनला असतो, इथून विमानानं अडीच तासांवर. बायको, आसावरी, गेल्यापासून शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या या घरात मी एकटा. घर खायला उठतं. चिरंजीवांचा फोन दर रविवारी, चार मिनिटं. "ठीक आहे बाबा, बाय." एकदा बोलता बोलता तानिगावाचं नाव त्याच्या तोंडून निसटलं. शोधून बघतो, तर व्हिडिओखाली हा पठ्ठ्या कॉमेंटवर कॉमेंट करतोय!

मग मी आगाऊपणा केला. दिगंबर असं नाव घेतलं, नागपूरहून शिकागोला शिकायला आलेला मुलगा म्हणून, आणि मराठीत लिहिलं, "काय मारलाय राव!" दोन मिनिटांत उत्तर आलं, "अरे, मराठी! कुठला तू?" आठवडाभरात आमच्या खासगी गप्पा सुरू झाल्या. बापाला 'यार' म्हणायचा! आधी गंमत वाटायची, नंतर वाटेनाशी झाली. त्याची नोकरी जायच्या बेतात होती. रीमाशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. आईचा शेवटचा व्हॉइस मेसेज ऐकल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. हे सगळं दिगंबरला, आणि मला "ठीक आहे."

"बाबांशी बोल ना," मी लिहिलं.

"ते लगेच उपाय सांगतात यार. ऐकून घेत नाहीत."

खरं होतं लेकाचं. माझा जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात तानिगावा चॅरिटी मॅचसाठी शिकागोला येणार असं जाहीर झालं. सिद्धेशनं परस्पर दिगंबरचंही तिकीट काढलं. "शनिवारी दोन वाजता, मेन गेटपाशी." दिगंबरनं नाही म्हणायला हवं होतं. पण पोरगा माझ्या घरापासून ट्रेननं तासाभराच्या अंतरावर येणार आणि मला न भेटता परत जाणार, हे मला सहन होईना. शनिवारी मी गेटपाशी हजर झालो.

"बाबा? तुम्ही इथे?"

"मॅच बघायला."

"तुम्हाला कधीपासून..." त्याची नजर गर्दीत होती. "माझा एक मित्र येतोय. जवळचा आहे."

"मग थांबतो मी पण."

पाऊण तास आम्ही बापलेक शेजारी शेजारी उभे होतो. तो मेसेज टाइप करायचा आणि माझा खिसा थरथरायचा.

"बाबा, तुमचा फोन."

"असू दे रे."

आत एकदम आरडाओरडा झाला. तानिगावा मैदानात आला असावा. सिद्धेश जागचा हलला नाही. "येईल तो," मला म्हणाला. "तो टांग मारणाऱ्यातला नाही."

त्याचा चेहरा मला बघवेना. मी फोन काढून त्याच्या हातात दिला.

तो बराच वेळ वाचत राहिला.

"सिद्धू, अरे मी..."

"आय टोल्ड हिम एव्हरीथिंग," तो म्हणाला.

फोन माझ्या हातात परत ठेवला आणि एकटाच आत गेला.